तांबड्या झग्यांतील मुलगी

न्यूयॉर्क शहरांत अमेरिकन लोककलेला वाहिलेलें एक वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या संग्रहांत अडीच फूट उंचीचें आणि दोन फुटांहून किंचित् अधिक रुंदीचें एक तैलचित्र आहे. पार्श्वभूमि गडद, जवळजवळ काळोखी. आणि तिच्यापुढें एक लहानशी मुलगी आपणांकडे पाहात बसलेली. तिच्या अंगांत तांबडाभडक झगा आहे. त्याखालीं पांढऱ्या विजारीची कड आणि पायांत तांबडे जोडे दिसतात. गळ्यांत पोवळ्यांची पदरी माळ, मांडीवर पांढरें मांजर आणि पायांशीं बसलेला घरचा कुत्रा. मुलगी हसत नाहीं, रुसलेलीहि नाहीं. "हालूं नकोस" असें वडील माणसानें बजावलें असतां शहाणें मूल जसें स्वतःस सांवरून बसतें, तशी ती बसली आहे.

हें चित्र १८३० ते १८३५ च्या दरम्यान, न्यूयॉर्क संस्थानांतील अमीनिया नांवाच्या गांवाच्या परिसरांत काढलेलें आहे. १९९८ सालीं अमेरिकेच्या टपाल खात्यानें आपल्या देशांतील चार शतकांच्या चित्रकलेवर तिकिटें काढलीं, तेव्हां निवडक थोर चित्रांच्या पंक्तींत या मुलीलाहि स्थान मिळालें. तिची प्रतिमा अशी पत्रांपत्रांतून देशभर गेली. परंतु ती कोणाची कोण, हें मात्र कोणीहि सांगूं शकत नाहीं. चित्राला जें शीर्षक आहे तें एवढेंच : 'तांबड्या झग्यांतील मुलगी, मांजर व कुत्रा.' जिच्यासाठीं आईबापांनीं पैसे मोजून चितारी घरीं बोलाविला, तिचा चेहरा उरला आणि नांव गेलें. असें कां व्हावें, आणि मुळांत अशीं चित्रें घरोघर कां काढून घेतलीं जात, याचा विचार करूं लागलें म्हणजे एका निराळ्याच काळांतील कौटुंबिक जीवनाचें दार आपणांस उघडतें.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेच्या ईशान्य भागांतील खेड्यापाड्यांत शेतकरी, दुकानदार, वैद्य, सराईवाले, गाड्या बनविणारे कारागीर असा एक मध्यम स्थितींतील वर्ग वर येत होता. आपलें घर नेटकें असावें, भिंतीवर आपल्या माणसांच्या तसबिरी असाव्यात, ही हौस आतां केवळ मोठ्या धनिकांची राहिली नव्हती. परंतु यूरोपांत शिकून आलेले नामांकित चित्रकार बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांत बसत, आणि त्यांचें मोल या लोकांस परवडण्यासारखें नसे. ही उणीव फिरत्या चिताऱ्यांनीं भरून काढली. त्यांना 'लिम्नर' असें म्हणत. त्यांपैकीं कित्येकांनीं दुकानांच्या पाट्या किंवा गाड्या रंगवितां रंगवितां हात बसविलेला असे. रंग, कुंचले आणि कॅनव्हास घेऊन ते गांवोगांव जात. एखाद्या घरीं मुक्काम पडला कीं घरधन्यापासून तान्ह्या मुलापर्यंत सर्वांचीं चित्रें काढून पुढच्या गांवीं निघत. छायाप्रकाशाचे सूक्ष्म भेद किंवा शरीररचनेचें ज्ञान यांत ते कच्चे असत. पण रंगांची मांडणी, रेषेचा ठाम बाक आणि चेहऱ्यावरील नेमकी खूण पकडण्याचें कसब त्यांच्या ठिकाणीं होतें.

आपल्या मुलीचें चित्र काढणारा अमी फिलिप्स हा याच पेशाचा. त्याचा जन्म १७८८ सालीं कनेटिकट संस्थानांतील कोलब्रूक येथें झाला आणि १८६५ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें तो वारला. १८०९ सालीं, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षींच, त्यानें पिट्सफील्ड येथील वृत्तपत्रांत आपल्या धंद्याची जाहिरात दिली होती. पुढें जवळजवळ पन्नास वर्षें कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क या तीन संस्थानांच्या सरहद्दीवरील गांवांत तो हिंडत राहिला. आज कित्येक शें चित्रें त्याच्या हातचीं म्हणून ओळखलीं जातात. पॅरिसमध्यें शिकलेला जॉन व्हँडरलिन हा त्या काळचा मोठा चित्रकार. त्यानें १८२५ सालीं आपल्या पुतण्यास एक पत्र लिहिलें आहे. आयुष्य पुन्हां आरंभावयाचें झाल्यास आपण फिलिप्ससारखे खेडोपाडीं फिरून स्वस्तांत चित्रें काढीत राहूं, अशा अर्थाचा मजकूर त्यांत आहे. बोलण्यांत उपहासाची छटा आहे, तशीच थोडी असूयाहि आहे. कारण व्हँडरलिनजवळ कीर्ति होती, पण फिलिप्सजवळ गिऱ्हाईक होतें!

या चिताऱ्यांविषयीं एक आख्यायिका फार दिवस प्रचलित होती. हिवाळ्यांत घरीं बसून ते नुसतीं धडें रंगवून ठेवीत आणि उन्हाळ्यांत गांवोगांव जाऊन वर गिऱ्हाइकाचें मस्तक तेवढें जोडीत, अशी ती आख्यायिका. एकाच धर्तीचा पोशाख अनेक चित्रांत दिसतो, यावरून ही कल्पना निघाली असावी. फिलिप्सनेंच तांबड्या झग्यांतील मुलांचीं चार चित्रें एकाच घाटाचीं काढलेलीं आहेत. परंतु अभ्यासकांना या कथेला कांहींहि आधार सांपडलेला नाहीं. खरी गोष्ट अधिक साधी आहे. एक मांडणी साधली, लोकांना आवडली, म्हणजे चितारी ती पुन्हां वापरी. शिंपी एकाच बेताचे कपडे वेगवेगळ्या अंगांना बेततो, त्यासारखेंच हें आहे. वेळहि वांचे आणि मोलहि आंवाक्यांत राही. विल्यम मॅथ्यू प्रायर नांवाच्या चिताऱ्यानें तर १८३१ मध्यें जाहिरातच दिली होती कीं, छाया न दाखवितां सपाट चित्र हवें असेल तर तें चौथाई किंमतींत मिळेल. पुढें बोस्टन येथें स्थायिक झाल्यावर तासाभराच्या बैठकींत, चौकट व कांच यांसह, २ डॉलर ९२ सेंटांत तो चेहरा रंगवून देई. ज्यांना पुरें मोल देणें शक्य होतें त्यांच्यासाठीं मात्र तोच प्रायर छायाप्रकाशासह भरदार चित्रें काढी. म्हणजे सपाटपणा हा सर्वस्वीं अज्ञानाचा परिणाम नव्हता. निदान त्याच्या बाबतींत तरी तो गिऱ्हाइकाच्या ऐपतीचा हिशेब होता.

हीं मुलांचीं चित्रें वाचावयाचीं तर कांहीं संकेत ठाऊक असावे लागतात. त्या काळीं चार-पांच वर्षांच्या वयापर्यंत मुलगे आणि मुली दोघांनाहि झगेच घालीत. त्यामुळें झग्यावरून मूल ओळखूं जातां फसगत होते. केसांचा भांग पाहावा. तो मधोमध असेल तर बहुधा मुलगी, बाजूला असेल तर बहुधा मुलगा. हातांतील वस्तूहि खुणेची असते. चाबूक, हातोडी, लांकडी घोडा हीं मुलाचीं. बाहुली, फुलें, मांजर हीं मुलीचीं. गळ्यांतील पोवळ्यांचें तर आपल्या वाचकांस नवल वाटूं नये. पोवळें अंगावर असलें म्हणजे मुलाला दृष्ट लागत नाहीं, रोगराई दूर राहाते, दांत सुखरूप येतात, अशी समजूत यूरोपांत फार जुनी होती. तीच समुद्र ओलांडून अमेरिकेंत गेली. त्या मुलीच्या गळ्यांत ती माळ केवळ शोभेसाठीं नाहीं. कोणीतरी काळजीनें ती तेथें घातलेली आहे.

आणि काळजी करण्यासारखाच तो काळ होता. १८५० च्या सुमारास अमेरिकेंतील गोऱ्या कुटुंबांतहि दर हजारीं दोनशेंहून अधिक अर्भकें पहिला वाढदिवस पाहूं शकत नसत, असा लोकसंख्येच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. घटसर्प, गोवर, डांग्या खोकला, हगवण यांपैकीं कशानें आणि कोणत्या दिवशीं घर रिकामें होईल, याचा भरंवसा नसे. छायाचित्राची कला अद्याप जन्मली नव्हती. मूल गेलें तर मागें कपडे राहात, एखादी केसांची बट राहात असे. चेहरा मात्र केवळ आईच्या आठवणींत, आणि आठवण दिवसेंदिवस पुसट होणारी. फिरता चितारी दाराशीं आला असतां आईबाप त्याला मुलापुढें बसवीत, यामागें हौस होतीच. पण हौसेच्या खालीं ही धास्तीहि होती.

तिचा पुरावा जोसेफ व्हायटिंग स्टॉक याच्या रोजनिशींत मिळतो. हा १८१५ सालीं मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जन्मला. अकरा वर्षांचा असतांना बैलगाडी अंगावर कोसळून त्याचे दोन्ही पाय कायमचे निकामी झाले. अंथरुणांत पडलेल्या या मुलास चित्रकला शिकावी असें एका डॉक्टरानें सुचविलें, आणि १८३२ मध्यें त्यानें कुंचला हातीं धरिला. जेम्स स्वान नांवाच्या दुसऱ्या एका डॉक्टरानें त्याला चाकांची खुर्ची करून दिली. त्या खुर्चींत बसून, आगगाडीनें प्रवास करून, हा अपंग चितारी गांवोगांव फिरला. १८३२ पासून १८४६ पर्यंतच्या रोजनिशींत त्यानें नऊशेंहून अधिक चित्रांची नोंद केली आहे : कोणाचें चित्र, केवढें, मोल काय. या कोरड्या जमाखर्चांत मधूनमधून अशाहि नोंदी येतात कीं, अमुक चित्र मृत देहावरून काढलें. मूल गेल्यावर निरोप येई आणि स्टॉक जाई. समोर मिटलेले डोळे असत. चित्रांत ते उघडे रंगवावयाचे असत. अशा चित्रांत मूल फुलें किंवा खेळणें घेऊन उभें असतें, आणि सांगितल्यावांचून कोणास कळूंहि नये. स्टॉक स्वतः चाळीस वर्षांचा होऊन १८५५ मध्यें क्षयानें वारला.

तांबड्या झग्यांतील मुलीविषयींहि कांहीं जण असाच तर्क करितात. पण तसें मानण्यास आधार नाहीं. एक जोडा पायांत व एक हातांत घेतलेल्या मुलीचें १८०७ सालचें एक चित्र आहे. त्या निघालेल्या जोड्यांतहि लोक मृत्यूची खूण शोधतात. पण लहान मुलें एक जोडा काढून फेकतातच, हें कोणत्या आईस सांगावयास हवें? हें चित्र जॉन ब्रूस्टर याचें. तो जन्मतः बहिरा होता आणि बोलूंहि शकत नव्हता. हातवारे व लेखन यांवर व्यवहार चालवून त्यानें कनेटिकट आणि मेन या प्रांतांत चित्रें काढलीं. १८१७ सालीं हार्टफर्ड येथें बहिऱ्या-मुक्यांची शाळा निघाली, तेव्हां एक्कावन्न वर्षांचा हा प्रथितयश चितारी विद्यार्थी होऊन तेथें दाखल झाला आणि तीन वर्षें शिकला. ज्याला केवळ डोळ्यांनींच माणसें वाचावीं लागत होतीं, त्यानें काढलेल्या मुलांचे डोळे विलक्षण शांत आणि बोलके आहेत.

घर म्हणजे कोण, याचेंहि उत्तर हीं चित्रें देतात. बोस्टनच्या ललितकलासंग्रहालयांत जोसेफ मूर आणि त्याचें कुटुंब यांचें १८३९ सालचें भव्य चित्र आहे. चितारी इरॅस्टस सॅलिसबरी फील्ड. तारायंत्राच्या शोधानें पुढें गाजलेल्या सॅम्युएल मोर्स याच्याजवळ त्यानें थोडे दिवस चित्रकला शिकली होती. मूर हा उन्हाळ्यांत गांवोगांव फिरून दांतांची वैद्यकी करी व हिवाळ्यांत टोप्या बनवी. रंगीबेरंगी नक्षीच्या गालिच्यावर नवराबायको आणि चार मुलें अशीं मांडलेलीं आहेत. त्यांपैकीं दोन मुलें त्यांचीं स्वतःचीं. उरलेलीं दोन मूरच्या पत्नीच्या नुकत्याच वारलेल्या बहिणीचीं. चित्र पाहून पोटचीं कोणतीं आणि पोरकीं कोणतीं हें सांगतां येत नाहीं. मावशीनें पदराखालीं घेतलेल्या मुलांना त्या कुटुंबानें आपल्या भिंतीवरील चित्रांतहि सारखीच जागा दिली.

सर्वच मुलांच्या वांट्याला मात्र अशी जागा आली नाहीं. त्याच अमेरिकेंत लक्षावधि मुलें गुलामगिरींत जन्मत होतीं, आणि त्यांचे चेहरे कोणी रंगवून ठेविले नाहींत. याच्या कांठावर जोशुआ जॉन्सन या चिताऱ्याचें चरित्र उभें आहे. बाल्टिमोरच्या परिसरांत एका गुलाम स्त्रीच्या पोटीं तो जन्मला. त्याच्या गोऱ्या बापानें १७६४ मध्यें २५ पौंडांस त्याला विकत घेतलें आणि १७८२ मध्यें दास्यमुक्तीचा कागद करून दिला. पुढें तो बाल्टिमोरचा व्यक्तिचित्रकार झाला आणि अनेक सुखवस्तु घरांतील मुलांचीं चित्रें त्यानें काढलीं. वेस्टवुड कुटुंबांतील तीन भावांचें त्याचें सुमारें १८०७ चें चित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहांत आहे. प्रायरनेंहि १८५४ सालीं एलायझा, नेली व मार्गारेट कोप्लन या तीन कृष्णवर्णीय बहिणींचें चित्र काढलें. तें बोस्टन येथें आहे, आणि त्या तिघींचीं नांवें सुदैवानें टिकलीं.

या उलट, न्यू ऑर्लिन्स येथील फ्राय कुटुंबांतील मुलांचें १८३७ च्या सुमारचें एक चित्र पाहा. तें शिकलेल्या हातचें आहे, लोककलेचें नव्हे. तरी येथें त्याची आठवण होणें साहजिक आहे. त्या मुलांच्या मागें बेलिझेर नांवाचा त्या घरचा गुलाम मुलगा उभा होता. विसावें शतक उगवण्याच्या सुमारास कोणीतरी त्याच्यावर रंग फासून त्याला नाहींसा केला. एकविसाव्या शतकांत तो रंग काढल्यावर मुलगा पुन्हां दिसूं लागला, कागदपत्रांतून त्याचें नांव सांपडलें, आणि २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें त्याच्या नांवासह हें चित्र आपल्याकडे घेतलें.

१८३९ सालीं पॅरिसमध्यें डॅगेरोटाइप या छायाचित्रणपद्धतीची घोषणा झाली आणि त्याच वर्षीं ती अमेरिकेंत पोंचली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत फिरत्या चिताऱ्यांचा धंदा बसला. फील्डसारख्यांनीं स्वतःच कॅमेरा हातीं घेतला. रंगविलेल्या तसबिरी दिवाणखान्यांतून माळ्यावर गेल्या. नातवंडांना नांवें आठवत होतीं. पणतवंडांना तीं 'कोणी तरी पूर्वज' एवढींच राहिलीं. त्यांनंतर घरें विकलीं गेलीं, सामान लिलांवांत निघालें, आणि चेहरे नांवांपासून कायमचे सुटले.

या चित्रांकडे कला म्हणून पाहाण्याची दृष्टि विसाव्या शतकांत आली. १९२४ च्या उन्हाळ्यांत कनेटिकटमधील केंट या गांवच्या जत्रेंत लोकांनीं घरोघरचीं जुनीं व्यक्तिचित्रें मांडलीं. त्यांतील कांहीं एकाच हातचीं दिसत होतीं. अभ्यासकांनीं त्या अज्ञात चिताऱ्यास 'केंट लिम्नर' असें नांव दिलें. सरहद्दीच्या गांवांतील आणखी जुन्या, फिकट रंगांच्या चित्रांचा कर्ता 'बॉर्डर लिम्नर' म्हणून वेगळा मानला गेला. पुढें १९५८ मध्यें बार्बरा आणि लॉरेन्स होल्ड्रिज या दांपत्यानें एका तरुणाचें व्यक्तिचित्र विकत घेतलें. त्याच्या पाठीवर कोणीतरी लिहून ठेविलें होतें : तरुणाचें नांव, त्याचें वय एकवीस, आणि १८४० च्या शरदृतूंत अमी फिलिप्स यानें हें काढलें. त्या एका धाग्यावरून होल्ड्रिज दांपत्यानें आणि मेरी ब्लॅक या विदुषीनें वर्षानुवर्षें शोध केला, आणि केंट लिम्नर व बॉर्डर लिम्नर हे दोघे नसून एकटा फिलिप्सच होता, हें सिद्ध केलें. फिक्या रंगांकडून गडद रंगांकडे वळलेला तो एकाच माणसाचा हात होता. हा सगळा उलगडा चित्राच्या पुढच्या बाजूनें नव्हे, तर पाठीवरील दोन ओळींनीं झाला.

तांबड्या झग्यांतील मुलीच्या चित्रामागें तशा दोन ओळी लिहिण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. त्यांत कोणाचा दोष नाहीं. जी मुलगी रोज डोळ्यांसमोर मांजरामागें धांवते, तिचें नांव विसरलें जाईल, ही कल्पनाच आईबापांना कशी शिवावी? आज आपल्या घरांत चित्रें कमी नाहींत. जुन्या पेट्यांत पिवळीं पडलेलीं छायाचित्रें आहेत, आणि हातांतील यंत्रांत तर एकेका मुलाचीं हजारों साठलीं आहेत. परंतु त्या पिवळ्या छायाचित्रांतील कडेवरचें मूल कोणाचें, शेजारीं उभी असलेली परकऱ्या वयाची मुलगी पुढें कोणत्या घरीं गेली, हें सांगणारी व्यक्ति पुष्कळ घरांत आतां एखादीच उरली असेल. तिला एखाद्या दुपारीं जवळ बसवून विचारावें, आणि प्रत्येकाच्या पाठीवर नांव, गांव आणि साल पेन्सिलीनें हलक्या हातानें लिहून ठेवावें. दोन ओळींचेंच काम आहे. अमीनियाच्या त्या घरीं तेवढें झालें असतें, तर आज आपण त्या मुलीला तिच्या झग्याच्या रंगावरून नव्हे, नांवानें हांक मारली असती.